पहिलं मॅड्रिगल बसवताना : चार गळे, एक कविता आणि बदल करण्याची मुभा

मॅड्रिगल हा सोळाव्या शतकातल्या इटलीत बहरलेला गायनप्रकार. चार, पाच किंवा सहा गळे, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि मुख्य गायक व साथीदार असा भेद नाही. बरीचशी मॅड्रिगलं श्रोत्यांपेक्षा गाणाऱ्यांच्याच आनंदासाठी लिहिली गेली. सुशिक्षित घरांतली हौशी मंडळी टेबलाभोवती बसून ती गात. गाणारेच मालक असल्यामुळे ती जशीच्या तशी राहिलीही नाहीत. कुणी त्यांत ताना भरल्या, कुणी तीन गळे ल्यूट या तंतुवाद्यावर टाकले, कुणी सगळे शब्द बदलले. ही उलथापालथ मनमानी नव्हती, तिला नियम होते. इथे आधी मूळ रचना बसवू आणि मग तिच्यात हात घालू. क्रम उलटा केलात तर दोन्ही बिघडतं.

उदाहरणाला एकच रचना घेतली आहे : झाक आर्काडेल्टचं चार गळ्यांचं 'इल ब्यांको ए दोल्चे चिन्यो', म्हणजे पांढरा, गोड हंस. आर्काडेल्टच्या मॅड्रिगलांच्या पहिल्या पुस्तकात ते आहे. व्हेनिसच्या गार्दानोने १५३९ मध्ये छापलेलं हे पुस्तक पुढे शंभरहून अधिक वर्षं पुन्हा पुन्हा निघत राहिलं. लांबी दोन-अडीच मिनिटं, चाल बहुतेक जागी सगळ्यांची एकत्र, अवघड उड्या नाहीत. सुरुवातीला याहून सोयीचं सहसा मिळत नाही.

काय लागेल

- चार गायक. आठही चालतील, पण मग प्रत्येक भागाला दोन असा समतोल हवा.
- स्वरलिपीची प्रत. 'कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी' आणि 'आयएमएसएलपी' या संकेतस्थळांवर ती मोफत मिळते.
- तानपुऱ्याचं ॲप किंवा खरा तानपुरा. हार्मोनियम नको, त्याचं कारण पुढे येतं.
- पेन्सिल. पेनने खुणा करू नका, त्या बदलणारच आहेत.
- दीड-दीड तासाच्या सहा-सात बैठकी. पहिल्या दोन बैठकींत चौघांनी एकत्र गायचंच नाही, असं धरून चला.

१. प्रत निवडताना

एकाच रचनेच्या पाच-सहा प्रती दिसतील. त्या सारख्या नसतात, कारण प्रत्येकीवर संपादकाचा हात फिरलेला असतो. डाउनलोड करण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पट्टी : मूळ रचनेत एक फ्लॅट (सूर अर्धा स्वर उतरवणारं चिन्ह) आहे आणि शेवट एफवर, म्हणजे पांढरी चारवर होतो. तुमच्या प्रतीत वेगळं दिसलं तर कुणीतरी पट्टी बदलली आहे. त्यात चूक काही नाही, फक्त ते माहीत असू द्या. त्या काळी छापील सुराला ठरलेली कंपनसंख्या नव्हती. मंडळी आपल्या गळ्यांना झेपेल तिथून सुरू करत. एक-दीड स्वर वर-खाली करायला तुम्हीही मोकळे आहात.

सुरांच्या डोक्यावरची चिन्हं : ओळीत सुराच्या अलीकडे असलेले शार्प (सूर अर्धा स्वर चढवणारं चिन्ह) आणि फ्लॅट मूळ छपाईतले, आणि सुराच्या वर बारीक छापलेले संपादकाने सुचवलेले. त्या काळचे गायक काही शार्प-फ्लॅट न लिहिताच, सवयीने लावत. म्हणून वरची चिन्हं ही सूचना समजा, पण चौघांनी एकच निर्णय घ्या. दोन गळे दोन वेगवेगळ्या प्रतींवरून गात असले की नेमकी इथेच टक्कर होते.

बारच्या उभ्या रेघा : मूळ पुस्तकांत त्या नव्हत्या. शिवाय पुस्तकंही चार वेगळी असत, प्रत्येक गायकापुढे फक्त त्याचा भाग. आजच्या प्रतीत रेघ दिसली की डोळा तिच्यापुढच्या सुरावर जोर द्यायला लावतो आणि कवितेची चाल मोडते. रेघा पेन्सिलने खोडता येत नाहीत, पण शब्दांतले आघात ठळक करता येतात. तेवढं करा.

२. गळे वाटणं

इथे नावं फसवतात. प्रतीवर 'आल्टो' (वरून दुसरा भाग) लिहिलंय म्हणून तो भाग आल्टो बाईंना दिलात, तर खालचे सूर श्वासातच विरतील. सोळाव्या शतकात हा भाग बहुधा पुरुष गात, म्हणून तो आजच्या आल्टोपेक्षा खाली उतरतो. प्रत्येक भागातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर लिहून काढा, गायकांकडून तेवढेच दोन सूर म्हणवून घ्या आणि मग वाटणी करा. सोप्रानो (उंच बायकी गळा), दोन टेनर (उंच पुरुषी गळे) आणि एक बास (खालचा पुरुषी गळा) ही वाटणी अनेकदा जास्त सुखाची ठरते.

बास मिळत नाही ही सगळीकडची तक्रार. गोवा, वसई आणि मुंबईत असाल तर चर्चच्या गायकवृंदात विचारा. गोव्यात बहुस्वरी चर्चगायन सोळाव्या शतकातच पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर आलं. अशा वृंदांत चार भागांत गाणारे, स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे लोक आजही भेटतात. बास नाहीच मिळाला तर तो भाग चेलो किंवा गिटारवर वाजवा. अशी मिसळ त्या काळीही चाले.

३. आधी कविता, सूर नंतर

पहिल्या बैठकीत कुणी गाऊ नये. कविता आल्फोन्सो दाव्हालोस या सरदाराची मानली जाते. आशय असा : हंस गात गात मरतो आणि मी रडत रडत आयुष्याच्या शेवटाला पोहोचतो. दैव विचित्र, तो दुःखात मरतो आणि मी सुखात. मरताना दुसरं काही दुःख नसेल, तर दिवसातून हजार वेळा मरायला मी राजी आहे.

त्या काळच्या इटालियन प्रेमकवितेत 'मरणं' हा शरीरसुखाच्या परमोच्च क्षणासाठीचा सर्रास वापरला जाणारा संकेत होता. शेवटची ओळ डोळा मारत लिहिलेली आहे. नवखे गट हे सगळं अंत्ययात्रेच्या सुरात गातात आणि शेवटी आवाज का वाढतोय हे त्यांना उमगत नाही. शृंगार आणि करुण यांच्या मधल्या जागेत राहा.

पहिल्या तीन ओळींचा उच्चार असा :

इल ब्यांको ए दोल्चे चिन्यो
कान्तान्दो मोरे, एद् ईओ
प्यांजेन्दो जुंज् आल फिन देल वीवेर मीओ

मराठी जिभेला इटालियन बरीच सोपी जाते. तिचे त आणि द दंत्य आहेत, आपल्यासारखेच. 'मिल्ले', 'तुत्तो' यांतली द्वित्तं 'पत्ता'सारखी पूर्ण म्हणायची. घसरण्याच्या जागा चार :

- 'दोल्चे', 'चिन्यो' यांतला च 'चिमणी'तला, 'चमचा'तला नव्हे. 'प्यांजेन्दो', 'जोया' यांतला ज 'जय'मधला, 'जहाज'मधला नव्हे.
- इटालियनमध्ये आपला ऱ्हस्व 'अ' नाही. 'कान्तान्दो'चं 'कंतंदो' झालं की रंगच उतरतो. दोन्ही आ उघडे ठेवा.
- व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागला पाहिजे.
- 'ब्यांको ए'मधले शेवटचे दोन स्वर एकाच सुरावर येतात. ओळीत सातच अक्षरं मोजली जातात : इल, ब्यां, कोए, दोल्, चे, चि, न्यो. दुसरी ओळही सातची, तिसरी अकराची. आघात दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा सम जागांवर.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी श्वास घेऊ नका. 'आणि मी' इथे ओळ संपते, वाक्य संपत नाही. श्वास हवा असेल तर 'मोरे'नंतरच्या स्वल्पविरामाला चोरा.

४. सूर : हार्मोनियम बंद, नंतर तानपुराही बंद

ज्यांना स्टाफ नोटेशन येत नाही त्यांनी आपला भाग सरगममध्ये उतरवावा. पांढरी चार सा धरा. मग प्रतीतला बी-फ्लॅट हा शुद्ध म, ई हा शुद्ध नी, आणि कुठे ई-फ्लॅट आला तर तो कोमल नी. बहुतेक रचना शुद्ध स्वरांतच आहे, त्यामुळे एका संध्याकाळी चारही भाग लिहून होतात. सुरांची लांबी मात्रांत लिहा, नाहीतर सरगम हाती असूनही ताळ राहणार नाही.

आता जुळवणी. तानपुरा पांढरी चारवर लावा. बासने सा धरावा, दुसऱ्याने प, तिसऱ्याने वरचा सा. तिन्ही स्थिर झाले की चौथ्याने खालून हळूच ग लावावा. एका जागी तो ग बाकीच्या सुरांत विरघळतो आणि कंप थांबतो. हा गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्यावर तालीम झालेल्या कानाला तो आपोआप सापडतो. पियानोवर वाढलेल्या गायकांना मात्र तो आधी 'पडलेला' वाटतो. मॅड्रिगलचं सौंदर्य मोठ्या प्रमाणात या एका सुरावर उभं आहे, म्हणून तालमीला हार्मोनियम नको.

पण इथे शास्त्रीय संगीत शिकलेल्यांसाठी सापळा आहे. आपला षड्ज अचल, तर मॅड्रिगलमध्ये आधाराचा सूर पावलोपावली बदलतो. 'प्यांजेन्दो', म्हणजे 'रडत', या शब्दावर आर्काडेल्ट अचानक ई-फ्लॅटची कॉर्ड (एकत्र लागणारे सूर) आणतो : कोमल नी, रे, म. सगळ्या गाण्याचं मर्म त्या एका वळणात आहे. इथे रे हा कोमल नीचा गंधार झालेला असतो. तानपुऱ्याशी जुळणारा रे तुम्ही तिथे लावलात तर तो सुमारे २२ सेंट चढा पडतो आणि ती कॉर्ड आंबट लागते. रेवाल्याने 'सा' विसरायचा, कोमल नीवाल्याकडे कान द्यायचा आणि किंचित खाली बसायचं. म्हणून सुरुवातीची आणि शेवटची कॉर्ड तानपुऱ्यावर पक्की करा, मधल्या भागाच्या तालमीत तो बंद ठेवा.

मींड, मुरकी, कणस्वर हे सगळं तूर्तास बाजूला. एकाची मींड चालू असताना बाकी तिघांची कॉर्ड अर्धवट राहते. आंदोलनही नको. सूर सरळ लावायचा, सरळ सोडायचा.

शेवटी पट्टी तपासा. चौघे मिळून थोडे उतरले असतील तर काळजी नको. अर्ध्या स्वराहून जास्त उतरले असतील, तर सहसा कारण एकाच सुरावर येणाऱ्या ओळी असतात. तोच सूर चार वेळा म्हणताना प्रत्येक वेळी तो केसभर खाली जातो.

५. ताल नव्हे, हाताची चाल

सम, खाली, टाळी यांतलं इथे काही नाही. हात खाली, हात वर, एवढीच संथ मोजणी. तिला 'ताक्तुस' म्हणत. गती शांत बसलेल्या माणसाच्या नाडीइतकी, म्हणजे मिनिटाला साधारण ६० ते ७२. तुमच्या प्रतीत हा ठोका हाफ नोटला आहे की त्याच्या निम्म्या क्वार्टर नोटला, हे संपादकाने सुरांची छापील लांबी अर्धी केली आहे का यावर ठरतं. दोन्ही करून पाहा. ज्या गतीने कविता नुसती वाचली तर नैसर्गिक वाटते, ती बरोबर.

मेट्रोनोम पहिल्या दोन तालमींपुरता. हात एकानेच हलवायचा, तोही गुडघ्यावर.

६. शब्दचित्रं ओळखा

मॅड्रिगलचे रचनाकार शब्दांचा अर्थ सुरांत काढून दाखवत. आर्काडेल्ट यात मितभाषी. 'रडत'वरची ती एक कॉर्ड आहे, आणि दुसरी मोठी जागा शेवटी. 'हजार मरणं' या शब्दांवर आतापर्यंत एकत्र चाललेले गळे फुटतात आणि एकामागून एक तोच तुकडा घेऊन येतात, जणू मरणं मोजता येऊ नयेत. इथला नियम : जो येतो त्याने पहिले तीन-चार सूर पुढे आणायचे आणि लगेच मागे सरायचं. चौघेही पूर्ण ताकदीने गायलात तर गर्दी ऐकू येते, मोजणी नाही.

पुढच्या पिढीने हा खेळ फारच वाढवला. थॉमस वील्क्स या इंग्रज रचनाकाराच्या १६०१ साली छापलेल्या एका मॅड्रिगलात 'दोघी दोघी' या शब्दांना दोन गळे, 'तिघी तिघी'ला तीन आणि 'एकटी'ला एकच गळा आहे. व्हिंचेंझो गालिलेईने (खगोलशास्त्रज्ञ गालिलिओचे वडील) १५८१ मध्येच असल्या चित्रकारीची टर उडवली होती. टीका योग्यच होती, पण गाताना मजा येते हेही खरं.

७. आता बदला

मूळ रचना प्रतीकडे न बघता दोनदा सलग गाता आली की मगच इकडे या. या हंसाला त्याच्या काळातच नवी रूपं मिळाली. ओराझिओ वेक्कीने हीच कविता घेऊन पाच गळ्यांची स्वतःची रचना केली. ऑर्लँडो गिबन्सने १६१२ मध्ये इंग्रजीत मरणाऱ्या हंसाचं वेगळंच मॅड्रिगल छापलं. मूळ पुस्तकाची १६२७ ची एक आवृत्ती तर खुद्द मॉन्तेवेर्दी या नामवंत रचनाकाराने तपासून काढली. तुमच्यासाठी तीन वाटा आहेत.

*ताना भरणं.* याला 'डिमिन्यूशन' म्हणतात : लांब सूर मोडून त्याचे द्रुत तुकडे करायचे. दिएगो ओर्तिझच्या १५५३ च्या पुस्तकात आर्काडेल्टच्याच दुसऱ्या एका मॅड्रिगलवर असे नमुने आहेत. त्याचा सर्वांत सुरक्षित नियम सोपा : तुकडा लिहिलेल्या सुरावर सुरू करा आणि पुढच्या सुराकडे जाण्याआधी त्याच सुरावर परत या. म्हणजे प नंतर ध असेल तर 'प म ग प' आणि मग ध. असं केलं की इतर गळ्यांशी असलेलं नातं बिघडत नाही. थेट 'प म ग म' करून 'ध'कडे उडी मारलीत तर दुसऱ्या एखाद्या गळ्याशी नको ती समांतर चाल तयार होऊ शकते.

एका वेळी एकानेच तान घ्यावी, तीही ओळीच्या शेवटाला. बासने सर्वांत कमी. आपल्याकडच्या गायकांना इथे आवरावं लागतं. तान स्वतःहून कितीही सुंदर असली तरी शब्द ऐकू येईनासे झाले की ती कापा.

*वाद्यावर टाकणं.* वरचा गळा गायचा, खालचे तीन वाद्यावर. विलार्टने १५३६ मध्ये व्हर्डेलोची मॅड्रिगलं अशीच गळा आणि ल्यूटसाठी मांडली. ल्यूट नसेल तर गिटारची तिसरी तार जीवरून एफ-शार्पवर उतरवा. आता तारांमधली अंतरं ल्यूटसारखी झाली. तिसऱ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की पट्टीही जुळते आणि ल्यूटची छापील टॅब्लेचर (कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणारी लिपी) थेट वाजवता येते. गिटारवर सूर लवकर विरतात, म्हणून गती थोडी वाढवा.

*शब्द बदलणं.* ही सर्वांत जुनी आणि सर्वांत धोक्याची वाट. आक्विलिनो कोप्पिनीने १६०७ मध्ये मॉन्तेवेर्दीच्या प्रेमगीतांवर लॅटिन धार्मिक शब्द चढवले. निकोलस यंगने १५८८ मध्ये इटालियन मॅड्रिगलांचा संग्रह इंग्रजी शब्दांत छापला आणि इंग्लंडमध्ये या प्रकाराची लाट आली. दोन वर्षांनी थॉमस वॉटसनने मूळ अर्थाला न चिकटता सुरांच्या भावनेला धरून शब्द लिहिल्याचं आपल्या पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं. मराठी शब्द बसवायचे असतील तर वॉटसनचीच रीत धरा.

अक्षरसंख्या तीच हवी (७, ७, ११), सम जागांवर गुरू अक्षर हवं आणि ओळीचा शेवट दोन अक्षरी, जड-हलका हवा. नमुना :

तो शुभ्र हंस गाई
मरे सुरांत, आणि
रडूनि गाठतो मी अंत माझा

मोजून पाहा : शु, हं, गा; रे, रां, आ; डू, गा, तो, अं, मा. आघाताच्या प्रत्येक जागी गुरू आहे. 'आणि'वर ओळ तुटते पण वाक्य चालू राहतं, आणि 'रडूनि' बरोबर त्या ई-फ्लॅटच्या कॉर्डवर येतं. हे साधलं नाही तर बाकी कितीही सुरेख लिहा, काही उपयोग नाही. बोलताना आपण 'गाठ्तो' म्हणतो, गाताना 'ठ' पूर्ण म्हणावा लागेल. जिथे अशी अक्षरं लांब सुरावर येतील तिथे शब्दच बदला. लांब सुरावर ऱ्हस्व 'अ' ताणला की गाणं कण्हल्यासारखं होतं. मूळ संगीतात ओळ पुन्हा येते तिथे तुमचेही शब्द पुन्हा येऊ द्या, नवी ओळ घुसडू नका.

८. यानंतर काय घ्यावं

दुसरी रचना म्हणून चिप्रियानो दे रोरेचं १५४७ मध्ये छापलेलं 'आंकोर के कोल पार्तीरे' घ्या. तेही चार गळ्यांचं. ताना भरण्यासाठी त्या काळी ही सर्वांत लाडकी रचना होती, त्यामुळे १५८० ते १६०० च्या दरम्यानचे लिहून ठेवलेले नमुने भरपूर मिळतात. नंतर पाच गळ्यांकडे जा. मारेंझिओच्या 'सोलो ए पेन्सोझो'त (१५९९) सर्वांत वरचा गळा अर्ध्या-अर्ध्या स्वराने, एकेका लांब सुरावर चढत जातो. सोप्रानोने आधी तेवढंच आठवडाभर घोटावं, बाकीच्यांना नंतर बोलवावं. मॉन्तेवेर्दीचं 'क्रूदा आमारिल्ली' त्यानंतर. त्यातल्या पूर्वतयारीशिवाय आणलेल्या कर्कश सुरांवर आर्तूझी या सिद्धांतकाराने १६०० मध्ये टीका छापली होती. नेमके तेच सूर मऊ करून न गाता ठामपणे लावायचे आहेत.

जेझुआल्दोचं 'मोरो, लास्सो' (१६११) ऐकून अनेक नवे गट थेट त्याच्यावर झेप घेतात. त्यात आधाराचा सूर जवळजवळ प्रत्येक कॉर्डला हलतो. चौथ्या पायरीतली रेची कसरत डोळे मिटून जमेपर्यंत ते कपाटातच राहू द्या.